वाफेची डोंगरगाडी : पाहावी कशी, राखावी कशी



पश्चिम बंगालच्या उत्तरेस, सिलिगुडीच्या सपाट प्रदेशातून निघून दार्जिलिंगच्या थंड डोंगरमाथ्यावर पोहोचणारी दोन फुटी रुळांची आगगाडी देशभर 'खेळण्यातली गाडी' म्हणून ओळखली जाते. नाव लाडके असले, तरी थोडे फसवे आहे. ही गाडी कोणाच्या करमणुकीसाठी बांधली गेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरावर वस्ती वाढली, चहाचे मळे उभे राहिले. पण वर जाण्यास बैलगाड्या आणि टांगे यांवाचून साधन नव्हते. सिलिगुडीच्या बाजारातील तांदूळ दार्जिलिंगला पोहोचेपर्यंत दुपटीहून महाग होत असे. ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे एक अधिकारी फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी ही स्थिती पाहून १८७८ मध्ये सरकारपुढे योजना ठेवली. तांदूळ वर जावा, चहा खाली यावा आणि माणसांची ये-जा सुलभ व्हावी, हा तिचा सरळ हेतू होता. १८७९ मध्ये कामास आरंभ झाला, १८८० मध्ये गाडी कर्सियांगला पोहोचली आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला.

आज या मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडी मुख्यतः सहलीसाठी धावते. दार्जिलिंगहून निघून, बातासियाचा वळसा घेऊन, घूमपर्यंत जायचे आणि परत यायचे, असा सुमारे दोन तासांचा हा प्रवास असतो. देशोदेशींचे प्रवासी त्यासाठी येतात. अशा गाडीत बसावे कसे, ती पाहावी कशी आणि मुख्य म्हणजे ती टिकते कशामुळे, याचा विचार शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सभासद या सर्वांना उपयोगी पडण्याजोगा आहे.

बोगद्यावाचून चढलेला घाट

सुमारे ८८ किलोमीटरच्या या मार्गात गाडी समुद्रसपाटीपासून शंभर-सव्वाशे मीटर उंचीवरून घूम येथे २,२५८ मीटरवर जाते. घूम हे देशातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक म्हणून प्रसिद्ध आहे. एवढी उंची गाठताना सबंध मार्गावर एकही बोगदा नाही. उंच पूल बांधण्याचा आणि बोगदे खोदण्याचा खर्च टाळण्यासाठी अभियंत्यांनी आधीपासून असलेल्या गाडीरस्त्याची सोबत धरली. रूळ रस्त्याच्या कडेने धावतात आणि शंभराहून अधिक ठिकाणी रस्ता ओलांडतात. जिथे डोंगर वाट देईना, तिथे त्यांनी दोन युक्त्या योजल्या.

पहिली युक्ती वळशाची. रूळ गोल फिरून स्वतःच्याच मार्गावरून पूल घालून पुढे जातात आणि एका फेरीत गाडी एक पायरी वर चढते. दुसरी युक्ती माघारीची. गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलला जातो, मग ती मागे ढकलत चढते, पुन्हा थांबते आणि पुन्हा पुढे निघते. इंग्रजी 'झेड' अक्षराप्रमाणे दिसणाऱ्या या रचनेमुळे उतारावर जागा नसतानाही उंची मिळविता येते. पुढे जाता येत नसेल तर मागे का जात नाही, असे प्रेस्टेज यांच्या पत्नीने सुचविल्याची आख्यायिका तिकडे सांगतात. आज मार्गावर असे सहा माघारीचे टप्पे आणि तीन वळसे आहेत. त्यांतील बातासियाचा वळसा १९१९ चा. त्याच्या मध्यभागी गोरखा जवानांचे स्मारक आहे आणि आकाश निरभ्र असेल तर समोर कांचनगंगेची रांग उभी असते.

या मार्गाला दातेरी रूळ नाही. निलगिरीच्या मार्गावर कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे; इंजिनाचे दंतचक्र तीत अडकून गाडीला वर ओढते. दार्जिलिंगच्या गाडीला असा आधार नाही. पंचवीस मीटरला एक मीटर आणि काही जागी त्याहूनही कडक असा चढ ती केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर चढते. म्हणून दव, धुके आणि शेवाळ हे तिचे रोजचे विरोधक होत.

इंजिन आणि त्याची माणसे

या मार्गाची ओळख ठरलेली 'बी' वर्गाची लहान निळी इंजिने १८८९ पासून येऊ लागली. ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने त्यांचा आरंभ केला आणि पुढील सुमारे चार दशकांत अशी ३४ इंजिने झाली. त्यांपैकी काही तिनधारियाच्या डोंगरावरील कारखान्यात घडली. इंजिनाला चारच चाके आणि चारही चाके चालती. पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवर बसविलेली. पाणी, कोळसा आणि यंत्र यांचा सारा भार चालत्या चाकांवर पडतो आणि पकड वाढते. आखूड वळणावर वळता यावे म्हणून इंजिन बुटके ठेवले आहे. एवढ्याशा यंत्राने तीन-चार डबे घेऊन हा घाट चढावा, यातच त्याच्या रचनेचे शहाणपण दिसते.

परंतु यंत्राइतकीच त्यावरील माणसे पाहण्यासारखी असतात. मैदानातील वाफेच्या इंजिनावर चालक आणि त्याचे फायरमन एवढे मनुष्यबळ पुरत असे. इथे आणखी काही माणसे लागतात. एक जण कोळशाच्या साठ्यावर बसून मोठी ढेपे हातोडीने फोडतो, कारण लहान भट्टीत मोठा तुकडा नीट जळत नाही. इंजिनाच्या अगदी पुढच्या टोकावर दोघे बसतात. चाक घसरू लागले की ते मुठीने रुळावर वाळू सोडतात. किती वाळू, कोणत्या वळणावर, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. कमी पडली तर चाक फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. अधिक पडली तर वाळू वाया जाते आणि रूळही झिजतात. पाऊस कोणत्या वळणावर जास्त झिरपतो, झाडांची सावली कुठे रूळ ओला ठेवते, हे त्या हातांना ठाऊक असते.

पाहणाऱ्याचे डोळे आणि कान

डब्यात बसलेल्या प्रवाशाला दरी दिसते, चहाचे मळे दिसतात, कर्सियांगच्या बाजारातून जाताना दुकानातील माल हाताच्या अंतरावर दिसतो. इंजिनाचे खरे काम मात्र बाहेर उभे राहूनच कळते. त्यासाठी चढाच्या वळणाजवळ, रुळापासून सुरक्षित अंतरावर थांबावे आणि प्रथम कान द्यावा. दोन सिलिंडरांच्या अशा इंजिनाच्या चाकाची एक फेरी होते तेव्हा धुराड्यातून चार उच्छ्वास बाहेर पडतात. ते चारही सारखे असतील तर यंत्राच्या झडपा नीट जुळलेल्या आहेत, असे जाणकार ओळखतात. एकाएकी उच्छ्वासांची घाई झाली तर चाक घसरले, हे न पाहताही समजते. क्षणात वाळू पडते आणि लय पुन्हा संथ होते.

धुराचेही असेच आहे. दाट काळा धूर छायाचित्रात शोभतो; पण तो कोळसा पुरता न जळल्याची खूण असतो. जातिवंत फायरमन थोडा थोडा कोळसा पसरून टाकतो आणि धूर विरळ राखतो. पांढरा लोट बहुतांशी वाफेचा, थंडीत निवून झालेल्या जलकणांचा असतो. घर्षण, दाब, उतार, ज्वलन, बाष्पीभवन हे धडे विद्यार्थी वर्गात पाठ करतात. इथे तेच धडे एका वळणावर पाच मिनिटांत नजरेसमोर घडतात. शैक्षणिक सहल नेणाऱ्या शिक्षकाने मुलांना एवढे ऐकण्यास आणि पाहण्यास आधी शिकविले, तर त्या सहलीचे सार्थक होईल.

ही गाडी पाहण्याची हौस जुनी आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९६ मध्ये दार्जिलिंगला आला होता. परतीच्या उतारावर तो इंजिनाविना धावणाऱ्या उघड्या लहान ट्रॉलीतून बराच अंतर खाली आला आणि त्या दिवसाचे वर्णन त्याने मोठ्या आनंदाने लिहून ठेवले. पुढे १९६९ च्या 'आराधना' या हिंदी चित्रपटाने ही गाडी घरोघर पोहोचविली.

गौरव आला, पण धोका टळला नाही

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये हा मार्ग भारत सरकारकडे आला. ट्रक आणि जीपगाड्या वाढल्या, तसा माल आणि बहुतेक उतारू रस्त्याकडे वळले. १९९९ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थान म्हणून मान्यता दिली. २००५ मध्ये निलगिरीचा आणि २००८ मध्ये कालका-सिमला मार्ग त्याच मालिकेत समाविष्ट झाले. २००० मध्ये दार्जिलिंगला डिझेल इंजिने आली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या क्रमाने त्यांच्याकडे गेल्या.

मान मिळाल्याने डोंगर स्थिर होत नाही. जून २०१० मध्ये पागलाझोरा येथे दरड कोसळली. पुढच्या वर्षी तिनधारियाजवळ पुन्हा कडा सुटला. सिलिगुडीपासून दार्जिलिंगपर्यंत सलग गाडी पुन्हा सुरू होण्यास डिसेंबर २०१५ उजाडला. २०१७ च्या आंदोलनात गयाबाडी आणि सोनादा येथील स्थानकांना आग लागली. रुळांच्या कडेला वाढलेली बांधकामे, तुंबलेली गटारे, टाकलेला कचरा आणि उघड्या पडलेल्या उतारांवरील पाणी ही संकटे तर वर्षभराची आहेत.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. सहलीच्या गाडीने वाफ जिवंत ठेवली, हे खरे. तिकिटाची किंमत देऊन प्रवासी आले नसते, तर ती इंजिने केव्हाच थंडावली असती. परंतु जी गाडी एके काळी तांदूळ आणत असे, ती आता केवळ पाहुण्यांची झाली, तर वाटेवरील रहिवाशाला तिच्याविषयी आपुलकी का वाटावी? त्याच्या दारावरून धूर आणि शिट्टी जाते; त्याच्या हाती काय येते? या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रमाणात मिळेल, त्या प्रमाणात मार्ग सुरक्षित राहील. स्थानकाजवळच्या दुकानाला गिऱ्हाईक, कारखान्यात स्थानिक तरुणांना काम, शाळकरी मुलांना परवडेल असा प्रवास, अशा साध्या गोष्टींतून ही आपुलकी निर्माण होते. नाला मोकळा ठेवणारा ग्रामस्थ हा या गाडीचा सातवा-आठवा कामगारच समजला पाहिजे.

दुसरी गोष्ट कौशल्याची. जुने इंजिन संग्रहालयात ठेवले तर लोखंड टिकते. वाळू सोडणारा हात टिकत नाही. डिझेलच्या इंजिनावर धुराडे बसविले म्हणून वाफ तयार होत नाही. याउलट, काम चालू राहिले तर विद्या नव्या पिढीकडे जाते. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून निलगिरी मार्गासाठी वाफेची नवी इंजिने बांधली, ती याच परंपरेच्या बळावर.

माथेरानचा धडा

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा, दोन फुटी रुळांचाच मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या उद्योगाने १९०७ मध्ये सुरू झाला. त्याची चार जर्मन इंजिने आखूड वळणांसाठी खास बांधलेली होती. त्यांचे पुढचे व मागचे आस वळणाबरोबर किंचित सरकत असत. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांची नित्याची सेवा संपली. पुढे दार्जिलिंगचे एक 'बी' वर्गाचे इंजिन नेरळला आणले गेले; पण वाफेची नियमित परंपरा एकदा तुटली की ती पुन्हा जोडणे किती अवघड असते, हेच त्यावरून दिसते.

हा मार्गही डोंगराच्या दयेवर आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने तो उखडला. २०१९ च्या पावसात पुन्हा हानी झाली आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मात्र माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने तेथील रहिवाशाला अमन लॉज ते माथेरान ही गाडी आजही दैनंदिन गरजेची आहे. जी गाडी गावाच्या उपयोगाची असते, तिच्या दुरुस्तीसाठी गावही आवाज उठविते. दार्जिलिंगच्या मार्गाने ही बाब माथेरानकडून शिकावी आणि वाफेचे कौशल्य हातात असतानाच जपावे, हे माथेरानने दार्जिलिंगकडून.

अशा मार्गांचा हिशेब केवळ तिकिटाच्या उत्पन्नावर जुळणार नाही. त्यात शाळेतील विज्ञानाचा धडा, कारखान्यातील हातांची विद्या, उतारावरील मातीची राखण आणि बाजारातील उलाढाल यांचीही नोंद करावी लागेल. अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी नाले तपासावेत, पंचायतींनी रुळाकडेची जागा मोकळी राखावी, शिक्षकांनी मुलांना इंजिनाचा उच्छ्वास मोजण्यास शिकवावे. एवढे झाले, तर पुढील पिढीलाही वळणावर उभे राहून ते चार ठोके स्वतःच्या कानांनी ऐकता येतील.