मुलांचा खेळ आणि आईचा धडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि चहाचे पाहणे. पण त्या म्हणाल्या, "त्या दिवशी नळावर जे सांगितलेत, तेच इथे सांगा." म्हणून तेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. सहामाहीत गणितात तिचे गुण इतके कमी आले की मला सांगायलाही लाज वाटते. हे मुंबईला असतात. फोनवर म्हणाले, "गणित जमत नसेल तर पुढच्या वर्षी घरी बसव. तुला हाताशी होईल." मी "बरं" म्हटले. भगिनींनो, मला स्वतःला सातवीनंतर घरी बसवले तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. आणि तीच मी, पोटच्या मुलीसाठी "बरं" म्हणून मोकळी झाले. ही गोष्ट आज सर्वांदेखत कबूल करते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी शेतावरून घरी आले, तो ही कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली. चूल थंड, भांडी तशीच, आणि फोनातून घंटा वाजतायत. माझा तोल सुटला. फोन हिसकावला आणि एक ठेवून दिली. ती एवढेच म्हणाली, "आई, बाईंनी दिलाय." मला वाटले, थाप मारते आहे. दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून मी शाळेत गेले. मनाशी ठरवले होते, की मुलांना फोनचा नाद लावणाऱ्या या बाईंना चांगले चार शब्द सुनवायचे.

गणिताच्या बाई वयाने लहान, पण शांत. माझे सगळे ऐकून घेतले. मग स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ताई, आधी तुम्हीच एकदा खेळून बघा. मग काय बोलायचे ते बोला."

आठवीच्या गणिताच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' असा धडा आहे. त्या धड्यावर बाईंनी स्वतः तो खेळ तयार केला होता. फोनवर महाडचा बाजार दिसतो. आपल्या पिशवीत ठरावीक पैसे. पाच वाजता गावची एस.टी. सुटणार. त्याआधी खरेदी उरकायची. प्रत्येक वस्तूवर छापील किंमत आणि सूट लिहिलेली. किती पैसे द्यायचे ते आपण सांगायचे. बरोबर आले की घंटा वाजते आणि पुढचे दुकान उघडते. चुकले की घड्याळाचा काटा थोडा पुढे सरकतो आणि दुकानदार फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो.

पहिली छत्री आली. छापील किंमत ४०० रुपये, सूट शेकडा २५. मी ३०० म्हटले. घंटा वाजली! मला हुरूप आला. मग साडी आली. किंमत १००० रुपये, सूट शेकडा २०, आणि दिवाळीनिमित्त उरलेल्या किमतीवर आणखी शेकडा १०. मी म्हटले, यात काय विचार करायचा? वीस नि दहा तीस, द्या ७०० रुपये. घंटा वाजली नाही. दुकानदाराने फळ्यावर लिहिले: आधी १००० मधून २०० गेले, उरले ८००. आता दहा टक्के धरायचे ते या ८०० वर, म्हणजे ८०. द्यायचे ७२०. सूट तीस नव्हे, अठ्ठावीस.

मी पाहतच राहिले. कारण आदल्याच दिवाळीत अशाच एका साडीच्या दुकानात मी या वीस रुपयांसाठी दुकानदाराशी कडाक्याचे भांडले होते आणि "लुबाडता काय?" म्हणून चार माणसांत बोलले होते. तो बिचारा खरा होता. माझाच हिशेब खोटा होता.

बाई म्हणाल्या, "काल तुमची मुलगी याच साडीवर अडली होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा करून पाहत होती." मी हिसकावला तो फोन त्या वेळचा! वर्गात एकदा उत्तर चुकले की पोर हसतात, मग ही हात वर करीत नाही. इथे चुकले तर कोणी हसत नाही, आणि का चुकले ते लगेच कळते. बाईंना सुनवायला गेलेली मी, त्यांच्यापुढे डोळे पुसून घरी आले.

मी बाईंना विचारले, हे केले कसे? त्या म्हणाल्या, अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विद्यापीठाने २००७ साली 'स्क्रॅच' नावाचे साधन काढले. ते फुकट मिळते. त्यात रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असतात. 'उत्तर बरोबर असेल तर पुढे न्या, नसेल तर हिशेब दाखवा' अशी आज्ञा एकेका ठोकळ्यात असते. मुलांची पुस्तके तपासून झाल्यावर रात्री त्या हे करीत. पहिल्या खेपेला खेळ चुकीचा चालला, तोही मुलांनीच दाखवून दिला.

ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेत १९७१ साली डॉन रॉविच नावाचा तरुण शिक्षक होण्याचे शिक्षण घेत होता आणि मिनिॲपोलिस शहरातल्या शाळेत आठवीला इतिहास शिकवीत होता. त्याने आपल्यासारख्याच दोन मित्रांच्या मदतीने 'ओरेगन ट्रेल' नावाचा खेळ केला. जुन्या काळी कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून हजारो मैल पश्चिमेला गेली, त्यांचा तो इतिहास. हातातल्या पैशांत बैल किती घ्यायचे, धान्य किती, कपडे किती, ते मुलांनी ठरवायचे. कमी पडले तर वाटेतच सगळे संपायचे. तेव्हा शाळेत पडदाही नव्हता. यंत्र कागदावर छापून उत्तर देई. ३ डिसेंबर १९७१ ला मुले तो पहिल्यांदा खेळली. सत्र संपल्यावर खेळ यंत्रातून पुसला गेला, पण रॉविचने त्याचा छापील कागद जपून ठेवला होता. त्यावरून १९७४ साली तो पुन्हा उतरवला आणि पुढे तिकडच्या असंख्य मुलांनी खेळला. मला तर ऐकताना वाटले, बैल, धान्य नि पैसा यांचा मेळ घालायचा, हा आपल्या संसाराचाच खेळ की!

आणि आपल्याकडे? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? मुलांच्या पुस्तकात काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, फोन धरला की धडा बोलू लागतो, त्याची सुरुवात त्यांनी आपल्या लहानशा शाळेत केली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना जगातल्या उत्तम शिक्षकाचे पारितोषिक मिळाले. दहा लाख डॉलर! त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकले. त्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेळातून शिकवणारी बालवाडी चालवली, हे तर सर्वश्रुत आहे. आपल्या आज्या ज्या मोक्षपटावर सोंगट्या सरकवीत, त्यातही शिडी पुण्याची नि साप पापाचा. शिकवणूक खेळातच होती.

आता कोणी म्हणेल, मग फोन मुलांच्या हाती देऊन आपण मोकळे व्हावे की काय? तसे मी मुळीच म्हणत नाही. मीठ चवीपुरतेच घालावे. खेळाखेळात फरक आहे. काही खेळ नुसते पुढे पुढे पळवतात, काही पैसे लावायला लावतात. पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण कायदा दिल्लीत झाला तरी घरात लक्ष आपणच ठेवायचे. मी स्वतःपुरती एक खूण धरली आहे. खेळ संपल्यावर मुलाला विचारावे, "काय चुकले आणि का?" त्याला सांगता आले तर तो शिकण्याचा खेळ. सांगता आले नाही तर फोन ठेवून द्यावा.

दुसरी अडचण फोनाची. आमच्या घरी एकच फोन. शेजारच्या भाभी म्हणतात, त्यांच्याकडे तीन मुलांत एक. खाडीपट्ट्यात पावसाने वीज गेली की तोही मुका. म्हणून माझी एक विनंती आहे. शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामी असते. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी तासभर आणावा. चार-चार मुलांनी एका फोनावर मिळून खेळावे आणि आपण त्यांच्याजवळ बसावे. बाईंनी दर महिन्याला एकदा येण्याचे कबूल केले आहे. मुलांच्या निमित्ताने आपलेही हिशेब सुधारतील. भिशीचे व्याज आणि बचत गटाचे हप्ते यांत आपण किती वेळा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो!

माझ्या मुलीचे विचाराल तर वार्षिक परीक्षेत तिला काही फार गुण पडले नाहीत. पण ती उत्तीर्ण झाली आणि आता वर्गात हात वर करते. मी यांना फोनवर सांगितले, "मुलगी घरी बसणार नाही. हाताशी मला कोणी नको, मी अजून धडधाकट आहे." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "बरं."

तिला मारलेली ती एक चापट मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. तुम्ही हात उचलण्याआधी फोनात काय आहे ते एकदा पाहा, एवढ्यासाठीच मी आज इथे उभी राहिले.

 आता चहाचे बघायला हवे.