आधी वैरण, मग पैका



आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा. १९७२ साली माणसांसाठी सुकडी आली, पण दावणी ओस पडल्या. २०१३ साली गुरे छावणीत बांधावी लागली. सोयाबीन रोकड देते खरे, परंतु त्याचा भुसा कडब्याची जागा घेत नाही. म्हणून आम्ही सांगतो : पहिल्या सरीस भुलून पेरू नका, वीतभर ओल होऊ द्या. हलक्या रानांत बाजरी-तूर घ्या. भारी रानाचा तुकडा शाळूसाठी राखा. शाळेत आम्ही मुलांस गुणाकार शिकवितो, तोच गोठ्यांत करा : रोजच्या पेंढ्या गुणिले माघापासून नव्या गवतापर्यंतचे दिवस. गंजी पुरत नसेल तर जनावर वाढवू नका. झाडपाल्यावर तगणारी, बहुधा जुळी देणारी आपली उस्मानाबादी शेळी पाळा. दुष्काळांत मातीमोलाने बैल विकण्यापेक्षा आज हिशेब करणे बरे!