बिजलीचा खांदा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट. गुडघे, कंबर, मान आणि कोल्हापुरात राहत असल्यामुळे पैलवानांचे खांदे, हे माझं रोजचं काम. जनावरांशी माझा संबंध लहानपणी दारात बांधलेल्या म्हशीपुरता. त्यामुळे २०२३ च्या पावसाळ्यात शिवाजी पेठेतले एक वस्ताद दवाखान्यात आले आणि "ताई, पेशंट भाईर रिक्षात हाय, चालवत न्हाई तिला," म्हणाले, तेव्हा मी मावशींना व्हीलचेअर घेऊन पाठवलं. मावशी हसत परत आल्या. रिक्षात कुत्री बसली होती.

कारवान जातीची कुत्री. लांब पाय, आत गेलेलं पोट, अरुंद तोंड. आपल्या दख्खनच्या माळावर ससा पळवून दमवणारी ही जात. मुधोळच्या संस्थानिकांनी तिची जोपासना केली म्हणून 'मुधोळ हाउंड' या नावानेही ती ओळखली जाते, आणि २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. या कुत्रीचं नाव बिजली. वय सात. मांजराच्या मागे भिंतीवरून उडी मारली ती ओल्या फरशीवर घसरली, आणि तेव्हापासून पाच आठवडे पुढचा उजवा पाय उचलून चालत होती.

वस्तादांच्या हातात पशुवैद्यांची चिठ्ठी होती. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. खांद्याच्या पुढून जाणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सुजून जुनी झाली होती. औषध आणि विश्रांती झाली होती. आता अल्ट्रासाउंडचा शेक देऊन बघावा, यंत्र तुमच्याकडे आहे, मी सोबत राहीन, असं त्यांनी लिहिलं होतं. मी लगेच फोन लावला. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा. माणसांच्या फिजिओथेरपिस्टने परस्पर कुत्र्याला टेबलावर घ्यायचं नसतं. ते म्हणाले, "जबाबदारी माझी, यंत्र तुमचं."

यंत्र बघून वस्तादांनी विचारलं, "म्हंजी पोटात पिल्लं हाईत का बगायचं?" हा प्रश्न मला माणसांचे नातेवाईकही विचारतात. सोनोग्राफी आणि हा शेक ही भावंडं खरी, पण कामं वेगळी. सोनोग्राफीत आवाजाच्या लाटा आत पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपतात आणि चित्र काढतात. इथे त्याच जातीच्या लाटा शरीरात मुरवायच्या असतात. मुरल्या की त्यांची ऊब होते.

गोष्ट सुरू होते १८८० साली. पिअर क्यूरी आणि त्यांचे बंधू जॅक यांना आढळलं, की क्वार्ट्‌झसारखा स्फटिक दाबला की त्यावर वीज निर्माण होते. उलटही खरं ठरलं, वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्या शोधण्यासाठी असा थरथरता स्फटिक पाण्यात सोडला, तेव्हा त्या झोतात आलेले मासे मरू लागले. जी लाट मासा मारते ती सौम्य केली तर काय करील, हा प्रश्न तिथून निघाला आणि वैद्यकात पोचला.

माझ्या यंत्राचं हेड पंचपात्रीच्या बुडाएवढं आहे. ते सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख वेळा थरथरतं. माणसाला २० हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत येतं. म्हणजे बिजलीलाही हा आवाज मुकाच. वस्तादांना ते काही पटेना. "आवाज न्हाई, धग न्हाई, मग चालू हाय कशावरनं?" मी हेडवर पाण्याचे चार थेंब टाकून यंत्र सुरू केलं. पाणी उकळल्यासारखं थरथरून उडालं. तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

इथून पुढे माझी चूक सुरू होते.

पहिल्या दिवशी पशुवैद्य येणार होते, पण एका म्हशीचं अडलेलं बाळंतपण निघालं आणि ते करवीर तालुक्यातल्या एका वाडीवर गेले. फोनवर त्यांनी मात्रा सांगितली, किती मिनिटं ते सांगितलं. मी म्हटलं, खांदा तो खांदा, पंचवीस वर्षं हेच करतेय. बिजलीच्या खांद्यावर भरपूर जेल लावलं आणि हेड गोल गोल फिरवू लागले. ती शहाण्यासारखी पडून राहिली. असे चार दिवस झाले. तिसऱ्या दिवशीच वस्ताद म्हणाले, "ताई, लई फरक पडलाय. पाय टेकती आता." मीही पाहिलं, खरंच टेकत होती. मनातून फुशारले. चौथ्या दिवशी वस्तादांनी तालमीतल्या पोरांसाठी आणलेल्या पेढ्यांतले दोन माझ्या टेबलावर ठेवले.

पाचव्या दिवशी पशुवैद्य आले. त्यांनी जेलमध्ये बोट घातलं, केस बाजूला केले आणि खालची कातडी मला दाखवली. कोरडी. म्हणाले, "ताई, चार दिवस तुम्ही हिचे केस तापवताय."

या लाटांना हवा ओलांडता येत नाही. म्हणून तर आपण जेल लावतो. केसांच्या मुळाशी हवा अडकलेली असते आणि लाट तिथेच परतते. कारवानचे केस अगदी आखूड, मखमलीसारखे, म्हणून मला ते केस वाटलेच नव्हते. पण १९९९ साली कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगात हेच तपासलं होतं. केस असताना शेक दिला तर केसच चांगले तापतात, खालचा स्नायू फारसा तापत नाही. आखूड केसांनाही सूट नाही. आधी कातरायचं, मग जेल. हे पशुवैद्यांनी गृहीत धरलं आणि मी विचारलं नाही.

मी खजील झाले, पण वकिली केली. म्हटलं, "अहो, पण ती सुधारलीय. वस्तादांनाच विचारा." त्यांनी वस्तादांना वेगळंच विचारलं, "घरात दुसरं काय देताय हिला?" वस्तादांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची, डायक्लोफेनॅकची. सकाळी एक, रात्री एक, चपातीत गूळ घालून. "माझा गुडगा हिनंच ऱ्हातोय, म्हटलं तिचाबी ऱ्हाईल." पशुवैद्य उठून उभे राहिले. "शी कसली करती?" वस्ताद जरा थांबून म्हणाले, "कालपासनं काळी. डांबरागत."

म्हणजे पोटात रक्त. माझ्या शेकाचा गुण नव्हता. गोळीने दुखणं झाकलं होतं आणि आतून कुत्रीच्या जठराला व्रण पडत होता.

हे भाषण करायला मी 'हो' म्हटलं ते याच एका गोष्टीसाठी. आपल्या घरातल्या डब्यात डोकेदुखीची, गुडघ्याची गोळी असतेच. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची शक्ती तिच्या यकृतात नाही. डायक्लोफेनॅकचा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच. ते टोचलेल्या गुरांची मढी खाऊन देशातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ साली केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. माणसांची गोळी मात्र औषधाच्या दुकानात मिळते आणि चपातीत गुंडाळून जाते, तीही मायेपोटी. वस्तादांसारखा माणूस, ज्यांनी आयुष्यभर पोरांच्या खुराकाचा तोळा-मासा हिशेब ठेवला, त्यांनीही हेच केलं.

बिजली वाचली. जठराचं औषध, पेज, दोन आठवडे सक्त विश्रांती. त्या दोन आठवड्यांत पाय पुन्हा उचलू लागली. म्हणजे दुखणं होतं तिथेच होतं.

मग नव्याने सुरुवात केली. खांद्यावरचे तळहाताएवढे केस कातरले. वरवरच्या कंडरेसाठी ३० लाखांची लाट, कारण ती एक-दोन सेंटिमीटरच जाते. १० लाखांची चार-पाच सेंटिमीटर खोल जाते. हेड एका जागी ठेवायचं नाही, हाडावर रेंगाळू द्यायचं नाही, नाहीतर हाडाच्या वेष्टनाला चटका बसतो. माणूस "आई गं" म्हणतो, कुत्रा म्हणत नाही. त्याचे कान मागे जातात, ओठ चाटतो, कातडी थरथरते. माझी नजर यंत्रावर आणि वस्तादांची बिजलीच्या कानांवर, अशी आम्ही वाटणी केली. कुस्तीत डाव येण्याआधी समोरच्याच्या अंगात काय हलतं हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझ्या आधी त्यांना कळायचं. "ताई, उचला," म्हणायचे, की मी उचलायची.

आता याने होतं काय? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, कुत्र्यांच्या मांडीवर केलेल्या मोजमापात दहा मिनिटांच्या शेकाने एक सेंटिमीटर खोलीवरचा स्नायू सुमारे साडेचार अंशांनी तापला. यंत्र बंद केल्यावर दहा मिनिटांच्या आत तो पूर्ववत झाला. म्हणजे आपल्या हातात उरतात ती मोजकी मिनिटं. तेवढ्यात तापलेली कंडरा हलक्या हाताने ताणायची. नुसता शेक देऊन घरी पाठवणं म्हणजे तवा तापवायचा आणि भाकरी टाकायचीच नाही. हे ताणणं वस्तादांनी केलं. मी एकदा दाखवलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा होता. तालमीत तेल-मालिशीचे हात पिढ्यान्‌पिढ्या घडतात, ते काही उगीच नाही.

आणि यंत्राबद्दल खरं सांगायचं तर माझ्याच व्यवसायात त्याच्याविषयी शंका आहेत. २००१ सालीच माणसांवरच्या चाचण्यांचा आढावा निघाला. त्यात बंद यंत्र फिरवलेल्या रुग्णांपेक्षा चालू यंत्रवाले जास्त बरे झाले, असं म्हणायला पुरावा फारच थोडा सापडला. मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून मंद लाटांचं वेगळं यंत्र अमेरिकेत १९९४ पासून मान्य होतं, पण २०१६ साली नडगीच्या हाडावरची मोठी चाचणी झाली आणि तीत फायदा दिसला नाही. शिवाय पाळणाऱ्याचे डोळे! २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात, लंगड्या कुत्र्याने पायावर टाकलेलं वजन यंत्राने मोजलं तर काही फरक नव्हता, पण मालकांना आणि चक्क डॉक्टरांनाही बऱ्याचदा सुधारणा दिसली होती. मी आणि वस्ताद त्यातलेच.

मग मी हे यंत्र वापरते का? वापरते. जुनाट आखडलेल्या कंडरेला ताणण्याआधी ऊब देण्यासाठी. वाढीच्या वयातलं पिल्लू, गाभण मादी, गाठ, पू झालेली जखम, डोळे, हृदय यांच्या जवळपास नेत नाही. आणि कोणी "दहा दिवस यंत्र लावा, बाकी काही नको" म्हटलं तर नाही म्हणते.

२०२५ साली नांदणीच्या महादेवी हत्तिणीवरून आपला जिल्हा रस्त्यावर आला. त्या वादात मला इथे पडायचं नाही. पण त्या निमित्ताने जनावराचा संधिवात, पाण्यातले व्यायाम, लेझर हे शब्द घराघरांत पोचले. मला बैलाच्या आणि म्हशीच्या गुडघ्यासाठी फोन येऊ लागले. एकाने तर विचारलं, हत्तीला तुमचं यंत्र लागू पडेल का? हत्तीची कातडी काही ठिकाणी अडीच सेंटिमीटर जाड असते. माझं पंचपात्रीएवढं हेड तिथे काय करणार? त्या चर्चेत मला महत्त्वाची वाटली ती जमीन. कडक, कोरडी फरशी की मऊ माती? हा प्रश्न हत्तीला आहे तसा तुमच्या सोप्यावरच्या कुत्र्यालाही आहे.

बिजलीच्या घरातही जमिनीनेच काम केलं, असं माझं मत आहे. वस्तादांनी सोप्यातल्या फरशीवर गोणपाट अंथरलं. तीन आठवड्यांत माझ्याकडे नऊ वेळा शेक झाला. रोज दोनदा दहा मिनिटं दोरी धरून चाल, तीही तालमीच्या मागच्या मऊ मातीत. आखाड्याच्या लाल मातीत कुत्रीला कोण पाऊल ठेवू देणार? भिंतीजवळची बाज हलवली, म्हणजे उडी मारायला पायरीच उरली नाही. दीड किलो वजन उतरवलं. यातलं कशाने किती झालं ते मला वेगळं काढता येत नाही. ऑक्टोबरात ती चारी पाय टेकून चालत होती. थंडीच्या सकाळी जरा लचकायची.

त्या दिवाळीत पाडव्याला मी पंचगंगा घाटावर म्हशी बघायला गेले होते. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी मोटारसायकलीमागे धावत होत्या, पोरं शिट्या मारत होती. गर्दीत वस्ताद दिसले, बिजली बरोबर. म्हशी जवळून गेल्या तशी ती ताठ झाली, कान टवकारले, सगळं अंग पुढे झेपावलं. वस्तादांनी दोरी मनगटाला दोन वेढे मारून घट्ट धरली होती. मला बघून म्हणाले, "डॉक्टरांनी जानेवारीपातूर पळवायचं न्हाई म्हटलंय. हिला कोण सांगणार?"