शुश्रूषा : शरीराची आणि मनाचीही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्याला पुढे जोडला गेला. परिचारिकेच्या शिक्षणात मानसिक आरोग्याला स्थान कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर या एकाच शब्दात सामावलेले आहे.

कीटकनाशक प्राशन केलेला एखादा तरुण रुग्णालयात दाखल होतो. प्रतिविष दिले जाते, सलाईन लागते, नाडी व रक्तदाबाची नोंद होत राहते. काही दिवसांनी तो घरी जातो. मात्र ‘तुला काय सोसावे लागत होते?’ असे विचारणारे त्या काळात त्याला कोणीच भेटले नसेल, तर उपचार अर्धेच झाले असे म्हणावे लागेल. रात्रपाळीत त्याच्या उशाशी असते ती परिचारिका. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, या भीतीने तीही गप्प राहते. ही समजूत चुकीची आहे. आपुलकीने विचारल्यास रुग्णाचा भार हलकाच होतो. परंतु असे विचारणे शिकावे लागते.

म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा आहे. जी.एन.एम. पदविकेत तो दुसऱ्या वर्षी, तर चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये तिसऱ्या वर्षी शिकविला जातो. विद्यार्थिनी मनोरुग्णांच्या कक्षात काम करते; रुग्णाची वाणी, मनःस्थिती, विचार, स्मरण व भान यांचे परीक्षण करते. रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून काढते आणि आपण कोठे घाईने उपदेश केला, कोठे ऐकायचे राहून गेले, हे शिक्षिकेसमवेत तपासते. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली आपल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांतील नाते हेच उपचाराचे साधन मानले. त्या विचाराचा हा प्रत्यक्ष अभ्यास होय.

या शिक्षणाची गरज आकड्यांतूनही दिसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मानसिक विकाराने ग्रस्त आढळल्या. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य देण्याची तरतूद केली. कायद्याचे हे शब्द रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचविण्याचे काम परिचारिकेच्याच हातून घडते.

मात्र परिचारिका कितीही निपुण असली, तरी घराने दडविलेला आजार तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मुलीचे लग्न जमणार नाही, स्थळे परत जातील, या धास्तीने कित्येक घरांत औषधाची बाटलीसुद्धा कपाटाआड ठेवली जाते. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मनाच्या आजाराची गोळी तेवढीच निःसंकोचपणे घेता आली पाहिजे. कठीण प्रसंगी १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर साहाय्य मिळते, हेही घराघरांत ठाऊक असावे.

समाजातील कन्या परिचर्येचे शिक्षण घेऊ इच्छित असेल, तर तिला परावृत्त न करता पाठबळ द्यावे. ती इंजेक्शन द्यायला शिकेल, तसेच ऐकायलाही शिकेल. एखाद्या रात्री कोणाचा तरी जीव त्या ऐकण्यानेच वाचेल.