नाव कायले टाकता जी?

(आकाशवाणीवरील भाषण)



कौंडण्यपूर म्हटलं की आपल्याला रुक्मिणीचं माहेर आठवतं, वर्धेचा घाट आठवतो, पंढरीला निघालेली पालखी आठवते. मला मात्र त्याच परिसरातल्या एका शाळेची पडवी आठवते. विशेष शिक्षक म्हणून मी तेव्हा त्या भागातल्या शाळा फिरत असे. तिसरीतला एक मुलगा होता. हजेरीला नाव पुकारलं तरी ओ द्यायचा नाही. शाळेत त्याला ढ म्हणत, गावात भोया म्हणत. मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो आणि तोंडापुढे वही धरून विचारलं, ‘लाडू खातो का रे?’ त्यानं मान वळवली नाही. समोर येऊन तेच विचारलं, तर गडी खुदकन हसला. तीन वर्षं हे लेकरू गुरुजींच्या ओठांवरून धडे उचलत होतं, आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवत होते.

मी दिव्यांग मुलांची यादी उघडली, तशी दाराशी उभी असलेली त्याची आई म्हणाली, ‘नाव कायले टाकता जी? माह्यं लेकरू काही येडं नाही.’

तिचा राग मला पटला. यादीत नाव गेलं की पुढं काय होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नाव घेऊन जाणारे तिनं पाहिले होते, काही घेऊन परत येणारे पाहिले नव्हते.

कागदावर आपली व्यवस्था चांगली आहे. १९९५च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि ती एकवीस झाली. स्वमग्नता आली, वाचनलेखनाची अडचण म्हणजे अध्ययन अक्षमता आली, आपल्याकडे ठिकठिकाणी दिसणारा सिकलसेलही आला. शाळेतल्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अशी मुलं शोधावीत, असंही त्यात लिहिलं आहे. आरोग्य खात्याचं पथक आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते.

आता ती गाडी नेमकी वेचणीच्या दिवसांत आली की काय होतं, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. लेकरू आईबरोबर कापसात असतं, हजेरीपटावर ‘गैरहजर’ पडतं, आणि पथक पुढच्या गावाला जातं. ज्याला तपासायचं तोच नेमका नसतो.

सापडलं, तरी पुढं गट साधन केंद्र, मग अमरावतीचं इर्विन रुग्णालय, तिथं डॉक्टरांचं मंडळ, मग प्रमाणपत्र. बहुतेक सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. एका बापानं मला विचारलं होतं, ‘चाळीस टक्के म्हणजे पास झाला ना जी?’ मी हसलो, पण मला उत्तर देता आलं नाही. आणि दर खेपेला एसटीचं भाडं जातं, रोज बुडतो, हे कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

कान आणि डोळे तरी तपासता येतात. अवघड आहे ते वाचता न येणारं, पण बाकी तल्लख असलेलं पोर. बैलजोडीचा सौदा तोंडी करील, आणि ‘घर’ वाचताना अडखळेल. २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं होतं की तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी अशी चाळणी लावावी. दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्रानं १९९६मध्येच सुरुवात केली होती, तेव्हा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट यायला अजून अकरा वर्षं होती. मोजायची कसोटी मात्र बराच काळ इंग्रजीच होती. मराठी मुलाला इंग्रजी वाचता येत नाही, यावरून त्याच्या मेंदूचं काय कळणार? बुद्धिमापनाच्या बाबतीत डॉ. व्ही. व्ही. कामतांनी हे फार आधी ओळखलं. बिने यांच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठीचं रूप त्यांनी धारवाडला १९३४च्या सुमारास तयार केलं. वाचनातली अडचण मराठीतूनच पारखणारी ‘डाली’ नावाची चाचणी मात्र २०१५मध्ये आली.

आणि मराठी तरी सगळ्यांची कुठं आहे? आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं आणि महिनोन्‌महिने गप्प बसतं. त्याच्या नावापुढे ‘मतिमंद’ लिहायला एक मिनिट लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये हेच घडलं. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची इंग्रजीतून परीक्षा घेतली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं. पुन्हा स्पॅनिशमधून तपासलं, तेव्हा त्यातली बहुतेक तिथली नव्हतीच. पालक कोर्टात गेले, आणि १९७०मध्ये ठरलं की मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत व्हावी. म्हणून मी नव्या शिक्षकांना सांगत असे, की आधी त्याच्या भाषेत दोन गोष्टी बोला. बोलता येत नसेल, तर गावातून कुणाला तरी बोलवा. मगच पेन काढा.

त्याच देशात १९७५च्या कायद्यानं आणखी एक गोष्ट ठरली. मूल शोधण्याची जबाबदारी आईबापांवर नाही, शाळा चालवणाऱ्या यंत्रणेवर आहे. पालकांनी लेखी होकार दिला की साधारणपणे साठ दिवसांत तपासणी पुरी करावी लागते. तिथंही सगळं सुरळीत चालतं असं नाही. पण हेलपाटे कोणी घालायचे, याचं उत्तर तरी स्पष्ट आहे.

आपल्याकडे २०२२पासून ‘प्रशस्त’ नावाचं मोबाइल ॲप आहे. वर्गशिक्षकानं त्यात मुलाबद्दलचे प्रश्न भरायचे. शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच किती ॲपं आहेत, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं फार कौतुक करणार नाही. पण कल्पना योग्य आहे. पथकाचा डॉक्टर मुलाला पाच मिनिटं पाहतो, गुरुजी वर्षातले दोनशे दिवस पाहतात. वही नाकाशी धरतो का, हाक मारल्यावर कोणता कान पुढे करतो, सुटीत कोणाशी खेळतो, हे शिबिरात दिसत नाही.

त्या आईला मी त्या दिवशी यादी दाखवली नाही. तिला मुलाच्या मागे उभं केलं आणि म्हटलं, ‘आता तुम्ही हाक मारा.’ तिनं एकदा मारली, दोनदा मारली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला नाही. मग तिनंच विचारलं, ‘अमरावतीले कवा या लागते?’

तीन खेपा झाल्या. श्रवणयंत्र मिळालं. पुढं कार्तिकातल्या यात्रेत तो मला देवळापाशी भेटला. टाळमृदंगाचा गजर चालला होता, आणि यंत्र काढून त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकलं होतं. मी खुणेनं विचारलं, काय झालं?

‘लय वाजते जी,’ तो म्हणाला.