उशाशी बसणाऱ्यांची झोप
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालात बरे झालेल्या रुग्णांची संख्या असते. त्यांच्या उशाशी बसलेल्यांची गणना कोठेही नसते. आज त्यांच्याविषयी बोलावे, असे आम्ही ठरविले आहे.

हृदयशस्त्रक्रियेनंतर फेरतपासणीस आलेल्या एका गृहस्थांची प्रकृती उत्तम होती. निघताना त्यांच्या पत्नी दारात थांबून म्हणाल्या, ''डॉक्टर, हे छान घोरतात; मला मात्र रोज अडीचला जाग येते. यांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी मी घेतली तर चालेल का?'' शस्त्रक्रियेला चार महिने उलटले होते. वॉर्डबाहेरच्या बाकावर लागलेली जाग त्यांच्यासोबत घरी गेली होती.

संकटाची चाहूल लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. निरोगी माणसात ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, उत्तररात्री वाढू लागते आणि सकाळी उठल्यानंतर थोड्याच वेळात शिखर गाठते. जुनाट निद्रानाश असलेल्या अकरा जणांचे रक्त चोवीस तास ठरावीक अंतराने तपासून अमेरिकन संशोधकांनी 2001 मध्ये दाखविले की, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. विशेषतः सायंकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात, म्हणजे नेमके ते उतरायला हवे तेव्हा. उलट, जागरणानेही दुसऱ्या दिवशी सायंकाळचे कॉर्टिसॉल वाढते. चक्र असे फिरत राहते. म्हणून कॉर्टिसॉलची तपासणी करून घेण्याची घाई मात्र करू नये. केवळ निद्रानाशासाठी तिचा सहसा उपयोग नसतो, हे प्रयोगशाळा चालविणारे आम्हीच सांगत आहोत.

तणाव झोप उडवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तणाव ओसरल्यावरही ती परत का येत नाही, हा खरा प्रश्न आहे. या बाईंनी गेलेली झोप भरून काढण्यासाठी रात्री नऊलाच अंथरूण धरायला सुरुवात केली होती. दुपारची वामकुक्षी दोन तासांवर गेली होती. अडीचला जाग आली की घड्याळ पाहायचे, उरलेले तास मोजायचे आणि डोळे घट्ट मिटून पडून राहायचे. नऊ तास अंथरुणात, त्यांतले जेमतेम साडेपाच झोपेचे. अंथरूण म्हणजे पहाऱ्याची जागा, अशी शरीराची समजूत झाली होती.

ही समजूत मोडण्याची रीत रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली. झोप आली तरच आडवे व्हावे. साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही, असे वाटल्यास (घड्याळ न पाहता) उठून मंद उजेडात काही शांत काम करावे. आणि सकाळी रोज एकाच वेळी उठावे, रात्र कशीही गेली तरी. पुढे 1987 मध्ये आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी अंथरुणातला वेळच कमी करण्याचा उपाय सांगितला. या बाईंना आम्ही रात्री साडेअकरापूर्वी पडू नका आणि साडेपाचला उठा, असे सांगितले तेव्हा त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. पहिले दहा दिवस कठीण गेले. चवथ्या आठवड्यात मात्र त्या सलग झोपू लागल्या आणि मग आम्ही वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढविला. अपस्माराच्या किंवा उन्माद-अवसादाच्या रुग्णांनी आणि वाहनचालकांनी हा उपाय वैद्यकीय देखरेखीवाचून करू नये.

गोळ्यांना आमचा सरसकट विरोध नाही. संकटाच्या काही रात्री त्या उपयोगी पडतात. परंतु दुसऱ्याच्या नावच्या गोळ्या घेणे धोक्याचे, आणि नियमित घेत असलेल्या एकाएकी थांबविणेही तितकेच. जुनाट निद्रानाशात वर सांगितल्यासारखे वर्तनोपचार आधी करावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये केली आहे. सायंकाळनंतरचा चहाही सोडावा. त्यातील निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. रुग्णासोबतच्या नातेवाइकांचा रात्री नऊचा चहा आमच्याच उपाहारगृहातून जातो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

कबुली आणखी एक आहे. वॉर्डबाहेरच्या ओसरीवरचे दिवे रात्रभर लख्ख जळतात, कारण त्यांचे बटण वॉर्डच्या दिव्यांशी जोडलेले आहे. ते वेगळे करून घेण्याचे काम यंदा हाती घेतले आहे. रुग्णासोबत रात्री कोणी थांबायचे, याची पाळी घरच्यांनी दाखल होतानाच ठरवावी, अशी विनंती करणारा कागदही आता प्रवेश-अर्जासोबत दिला जातो.