चाळीस मिलिमीटरचा हिशोब
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला 'सोसायटीच्या आठवणी' यावर बोला म्हणून सांगितलं आहे. गणपती आणि कोजागिरीवर बाकीचे बोलतीलच. मी आपल्या पार्किंगमधल्या खांबांवर बोलणार आहे. हसू नका! त्या दुरुस्तीच्या वेळी मी खजिनदार होतो आणि माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आज सांगून टाकतो.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं सळ्या गंजल्या, फुगल्या आणि काँक्रीटचे पोपडे पडू लागले. इंजिनिअरनी गनायटिंग सुचवलं. म्हणजे सिमेंट आणि वाळू कोरडीच नळीतून हवेच्या दाबानं न्यायची, नळीच्या तोंडाशी पाणी मिसळायचं आणि मसाला जोरात खांबावर मारायचा. (ही युक्ती काढली शिकागोच्या म्युझियममध्ये मेलेले प्राणी जतन करणाऱ्या कार्ल एकली नावाच्या माणसानं, 1907 च्या सुमारास. इंजिनिअरनं नव्हे!)

दोन कोटेशनं आली. एकाचा दर सिमेंटच्या पोत्यावर, दुसऱ्याचा चौरस मीटरवर, जाडी 40 मिलिमीटर. पोत्यावर दर दिला तर थर जाड होणार, हे मला लगेच कळलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर मसाला. आपलं काम 200 चौरस मीटरचं. नुसते 10 मिलिमीटर वाढले की 2000 लिटर मसाला जास्त, आणि तेवढं वजन इमारतीच्या अंगावर. म्हणून आपण चौरस मीटरवाला घेतला. मी खूश! पण मीटरवर दर दिला की थर पातळ करण्याचा मोह होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पहिलं बिल आलं. मोजमापाचं पुस्तक होतं, सह्या होत्या. मी पास केलं. बँकेत जन्मभर नोटा मोजल्याशिवाय हलू न देणारा मी, इथं कागद बघून चेक लिहिला.

चार दिवसांनी आपले वॉचमनमामा दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, जिन्यामागच्या खांबाला कमी मारलंय. अन् खाली पडलेला माल झाडून परत मशीनमध्ये टाकतात." मी इंजिनिअरना बोलावलं. ड्रिलनं भोकं पाडून तार घालून मोजलं. तीन खांबांवर थर जेमतेम 25 मिलिमीटर! सळीवरचं पांघरूणच तोकडं, म्हणजे खारी हवा पुन्हा आत शिरणार.

मारताना काही माल उसळून खाली पडतोच. उभ्या खांबावर पाव हिस्सासुद्धा जातो, छताला आणखी जास्त. पण पडतं ते मुख्यतः वाळू, सिमेंट त्यात कमी. तो माल फेकूनच द्यायचा असतो. ती नासाडी कंत्राटदारानं दरात धरलेली असते, आपण वेगळी द्यायची नसते.

मी काम थांबवलं. मे महिना संपत आलेला. काही जण माझ्यावर चिडले, "पावसात खांब उघडे ठेवता का?" त्यांचंही खरं होतं. दोन रात्री मला झोप नव्हती. शेवटी इंजिनिअरनी कंत्राटदाराला बसवून ठरवलं : ते तीन खांब खरवडून, धुऊन, त्याच्या खर्चानं दुसरा थर. बाकीच्या खांबांवर आधी 40 मिलिमीटर बाहेर येतील असे तारेचे तुकडे बसवायचे, तार दिसेनाशी होईपर्यंत मारायचं, मग फळीनं जादा माल तासायचा. आणि मोजताना कमिटीचा एक माणूस हजर.

तो माणूस बहुतेक वेळा मीच असायचो, हातात पट्टी घेऊन. मुलं मला 'मिलिमीटर आजोबा' म्हणायची. ती मुलं आज नोकरीला लागली, पण हाक तीच आहे.

पहिल्या पावसाच्या दोन दिवस आधी शेवटचा खांब झाला. सात दिवस गोणपाट गुंडाळून पाणी मारायचं होतं. त्यातले दोन दिवस वॉचमनमामांनी मारलं, पुढचं वरुणराजानं. मोजमापाची ती वही ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात आहे, लाल कापडात.